आधी हिशेब, मग प्रवेश: अर्ध्यावर राहिलेली पदवी पुरी करायला मदत कशी करावी

शिक्षण अर्ध्यावर सुटलेला माणूस मदत मागायला सरळ कधी येत नाही. तो लेकीच्या प्रवेशाचा फॉर्म भरायला येतो. सगळं उरकल्यावर, उठता उठता, दाराकडं बघत म्हणतो, "सर, माझेबी दोन विषय राहिलेत. आता काही होतं का हो त्याचं?"

तालुक्याच्या कॉलेजात परीक्षा विभागाच्या खिडकीमागं माझी बरीच वर्षं गेली. आता संध्याकाळी वाचनालयात बसतो आणि हा प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी येतो. तुम्ही कॉलेजात नव्यानं लागलेले असाल, सेतू केंद्र चालवत असाल किंवा घरातल्या वहिनीची पदवी पुरी व्हावी असं तुम्हाला वाटत असेल, तर तुमच्याकडंही येईल. काय करायचं ते खाली क्रमानं लिहितो. क्रम मोडू नका. बहुतेकांचं नुकसान क्रम मोडल्यानं होतं. माणूस उत्साहानं येतो, आपणही उत्साहात त्याला पहिल्या वर्षाला नवा प्रवेश घेऊन देतो, आणि दोन वर्षांनी कळतं की त्याचा एकच पेपर राहिला होता.

पहिलं काम: नेमकं काय राहिलंय?

"नापास झालो" या शब्दावर विश्वास ठेवू नका. माणूस खोटं बोलत नाही, पण इतक्या वर्षांत त्याच्या मनानं सगळ्याचं मिळून एकच गाठोडं केलेलं असतं. एक ताई आल्या होत्या. शेवटच्या वर्षाला नापास झाले, असं पंधरा वर्षं घरात सांगत होत्या. गुणपत्रकं काढून पाहिली तर शेवटच्या वर्षाचे सगळे पेपर पास झालेले, आणि दुसऱ्या वर्षाच्या पर्यावरणाच्या सक्तीच्या पेपरला गैरहजर. त्या दिवशी भावाचं लग्न होतं. पर्यावरणाचा पेपर, एखादं प्रात्यक्षिक, प्रकल्पाचे अंतर्गत गुण न लागणं, अशा बारक्या खिळ्यांवर पदव्या अडकलेल्या मी फार पाहिल्या.

म्हणून चार गोष्टी विचारा आणि वहीत लिहा: प्रवेश कोणत्या वर्षी आणि कोणत्या कॉलेजात, शेवटची परीक्षा कधी दिली, कोणकोणती गुणपत्रकं हातात आहेत, आणि त्या वेळी कागदावर नाव काय होतं. चौथा प्रश्न बायकांना तर न चुकता विचारा. त्यावर पुढं येतो.

विद्यापीठ कोणतं, हे माणसाला बरेचदा माहीत नसतं. "मराठवाडा विद्यापीठ" एवढंच तो सांगतो. आपल्याकडं दोन आहेत. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे जिल्हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडं. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडं. नांदेडचं विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ ला सुरू झालं. त्याआधी सगळ्या मराठवाड्याचा कारभार संभाजीनगरातून, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेतून, चालायचा. त्यामुळं लातूरच्या एखाद्या जुन्या विद्यार्थ्यानं १९९० साली परीक्षा दिली असेल तर त्याची नोंद नांदेडात शोधून उपयोग नाही.

बारावीच्या कागदांचं गणित याहून वेगळं. बोर्डाच्या संभाजीनगर विभागात संभाजीनगर, जालना, बीड, परभणी आणि हिंगोली येतात. लातूर विभागात लातूर, नांदेड आणि धाराशिव. म्हणजे परभणीच्या माणसाचं बोर्ड संभाजीनगरला आणि विद्यापीठ नांदेडला. धाराशिवच्या माणसाचं नेमकं उलटं, बोर्ड लातूरला आणि विद्यापीठ संभाजीनगरला. दुय्यम गुणपत्रकासाठी माणसाला चुकीच्या गावाला पाठवून एक दिवसाची मजुरी बुडवू नका. आणि जुन्या कागदांवर औरंगाबाद, उस्मानाबाद लिहिलेलं असतं म्हणून घाबरून ते बदलून घेऊ नका. जुने कागद तसेच चालतात.

दुसरं: पिशवी

एक कापडी पिशवी ठरवून घ्या, ज्यात फक्त हेच कागद राहतील. दहावी-बारावीची गुणपत्रकं आणि प्रमाणपत्रं, शाळा सोडल्याचा दाखला किंवा टीसी, आणि कॉलेजच्या प्रत्येक परीक्षेचं गुणपत्रक. नापास झालेलीसुद्धा. लोक नेमकी तीच फाडून टाकतात. पण त्यावर पीआरएन, म्हणजे कायम नोंदणी क्रमांक असतो, आसन क्रमांक असतो, पास झालेल्या विषयांचे गुण असतात. तो क्रमांक सापडला की विद्यापीठातलं निम्मं काम झालं. काहीच सापडलं नाही तर कॉलेजच्या जनरल रजिस्टरात प्रवेशाची नोंद असतेच. बारावीचं वर्ष आणि वडिलांचं नाव घेऊन जा आणि त्या टेबलावरच्या माणसाशी गोडीनं बोला. मी त्या खुर्चीवर बसलोय, जुनी रजिस्टरं काढायला कपाटावर चढावं लागतं.

आता नावाचं. मुलगी माहेरच्या नावानं शिकते, लग्न होतं, आधार कार्डावर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव येतं. वीस वर्षांनी ती परत येते तेव्हा दहावी एका नावानं आणि आधार दुसऱ्या नावानं. पहिला मोह होतो तो सगळे जुने कागद नव्या नावावर करण्याचा. तो टाळा. विद्यापीठात ज्या नावानं नोंद आहे त्याच नावानं पदवी पुरी होऊ द्या, आणि दोन नावं एकाच बाईची आहेत हे दाखवायला विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि प्रतिज्ञापत्र पिशवीत ठेवा. विवाह नोंदणीच झालेली नसेल तर ती आधी ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत करून घ्या. जिथं आधारशी नाव जुळवल्याशिवाय पुढं जाताच येत नाही तिथंच बदलाच्या वाटेला लागायचं, राजपत्रात नाव छापून वगैरे.

मोबाईल नंबर हा आणखी एक चकवा. आधारला जोडलेला नंबर बहुधा बंद पडलेला असतो, नाहीतर नवऱ्याच्या किंवा दिराच्या खिशात असतो. आता डिजिलॉकर, प्रवेश, परीक्षा अर्ज, सगळ्याला ओटीपी लागतो. त्या बाईचा स्वतःचा नंबर आधार केंद्रावर जाऊन जोडून घ्या, अगदी पहिल्या आठवड्यात. परीक्षा अर्जाच्या शेवटच्या रात्री दीर फोन उचलत नाही, हे मी अनेकदा पाहिलंय.

तिसरं: तो कोणत्या काळातला आहे?

विद्यार्थ्याचा काळ ओळखल्याशिवाय नियम सांगू नका. ढोबळमानानं तीन काळ आहेत. सगळ्यात जुने ते वार्षिक पद्धतीवाले, म्हणजे वर्षाला एक परीक्षा. त्यानंतर सत्र पद्धत आणि श्रेयांकवाले, म्हणजे वर्षाला दोन परीक्षा आणि प्रत्येक विषयाला क्रेडिट. आणि आता नव्या शैक्षणिक धोरणाखालचे. संलग्न कॉलेजांत पदवीच्या पहिल्या वर्षाला हे धोरण २०२४-२५ पासून आलं.

जुन्यांची अडचण मुदतीची. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१५ मध्ये सर्व विद्यापीठांसाठी धोरण सुचवलं, की अभ्यासक्रमाची ठरलेली वर्षं अधिक दोन, एवढ्यात पदवी पुरी व्हावी. अपवाद म्हणून आणखी एक वर्ष. तीन वर्षांच्या बी. ए. ला म्हणजे पाच, फार तर सहा. हे ऐकून बरेच मदतनीस तिथंच हात टेकतात. टेकू नका. दोन वाटा उघड्या असू शकतात. एक म्हणजे विशेष संधी. मुदत संपलेल्यांना राहिलेले विषय देण्याची मुभा विद्यापीठं कधी कधी परिपत्रक काढून देतात, आणि ते परिपत्रक कॉलेजच्या फलकावर पंधरा दिवस लटकून गुपचूप खाली उतरतं. दुसरी वाट समकक्ष विषयाची. जुना अभ्यासक्रम बंद झाला की राहिलेल्या पेपरऐवजी नव्या अभ्यासक्रमातला कोणता पेपर द्यायचा, हे विद्यापीठ ठरवून देतं.

दोन्हींसाठी तोंडी विचारू नका. अर्ज लिहा: प्राचार्यांमार्फत, संचालक, परीक्षा व मूल्यमापन मंडळ यांना. पीआरएन, प्रवेशाचं वर्ष, राहिलेले विषय, आणि एकच विनंती, की हे विषय पुरे करण्यासाठी मला कोणती संधी उपलब्ध आहे ते लेखी कळवावं. आवक क्रमांक घातलेली पोच घ्या. महिना-दीड महिना उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून, "माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर काय कार्यवाही झाली" एवढंच विचारा. उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे. हे भांडण म्हणून करू नका. साहेबांच्या टेबलावर फाईल वर यावी म्हणून करायचं.

एका कॉलेजानं मला एकदा तोंडी सांगितलं होतं, "या मुलाचं काही होणार नाही, नव्यानं प्रवेश घ्या." मी तसंच त्याला सांगितलं. त्यानं घेतला, फी भरली. चार महिन्यांनी त्याच्या जुन्या तुकडीसाठी विशेष संधीचं परिपत्रक निघालं. तेव्हापासून लेखी नसेल ते मी कुणालाच सांगत नाही.

नव्या धोरणातल्या पोरांचं बरंच सोपं आहे. वर्षाला साधारण ४० ते ४४ श्रेयांक. एक वर्ष पुरं करून, वरचा छोटा कौशल्य अभ्यासक्रम करून बाहेर पडलं तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी. बाहेर पडलेल्याला तीन वर्षांच्या आत परत येता येतं, आणि सगळं मिळून सात वर्षांत पदवी पुरी करायची. हे श्रेयांक अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, लोकांच्या भाषेत एबीसी खात्यात, जमा असतात आणि त्यांचंही आयुष्य जास्तीत जास्त सात वर्षांचं. कुणी आत्ता शिक्षण सोडतोय असं कळलं तर त्याला थांबवणं जमेल न जमेल, पण वर्षाची परीक्षा देऊन, एबीसी खातं काढून मगच सोड, एवढं सांगा. मधेच सुटलेलं सत्र मागून जोडणं फार त्रासाचं असतं. मात्र वार्षिक पद्धतीवाल्या जुन्या माणसाला या खात्याचा काही उपयोग नाही. त्याच्या गुणांचे श्रेयांक झालेलेच नसतात.

चौथं: वाट निवडणं

हिशेब झाला की वाट आपोआप दिसते. एक-दोन विषय राहिले असतील आणि संधी मिळत असेल तर जुन्याच कॉलेजातून माजी विद्यार्थी म्हणून परीक्षा द्यायची. फक्त परीक्षेची फी भरायची असते, वर्षाची पूर्ण फी मागितली तर कारण विचारा.

जवळजवळ सगळंच राहिलं असेल, किंवा माणूस नोकरीत असेल, तर मुक्त शिक्षण. नियमित कॉलेजात प्रवेश घेऊन हजेरी "मॅनेज" करण्याच्या भानगडीत कुणाला घालू नका. हजेरीची अट खरी आहे, आणि ती कुणाच्या तरी सहीवर टेकलेली असेल तर ती सही ऐन वेळी फिरते. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, संभाजीनगर आणि नांदेडला त्याची विभागीय केंद्रं आहेत आणि तालुक्याच्या बऱ्याच कॉलेजांत अभ्यासकेंद्रं. पुस्तकं मराठीत, स्वतः वाचून समजतील अशी लिहिलेली. एखादं वर्ष आधी कुठं उत्तीर्ण झालेलं असेल तर ते गुणपत्रक दाखवून थेट पुढच्या वर्षाला प्रवेश बसतो का, हे अभ्यासकेंद्रात न विसरता विचारा. दुसरा पर्याय इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा, म्हणजे इग्नूचा. तिथं जुलै आणि जानेवारी असे दोनदा प्रवेश, तीन वर्षांची बी. ए. सहा वर्षांपर्यंत ओढता येते, पण गृहपाठ वेळेवर द्यावे लागतात आणि पुस्तकं मुख्यतः हिंदी-इंग्रजीत. आपल्याकडच्या बायकांना मी बहुधा नाशिककडंच वळवतो.

मुक्त आणि दूरस्थ प्रवेशासाठी आता अनुदान आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाचा क्रमांक, म्हणजे डीईबी आयडी, लागतो, आणि तो काढायला एबीसी खातं लागतं. त्या दोन्हींसाठी मोबाईल नंबर. म्हणून तो नंबर आधी.

आणि "एका वर्षात पदवी, घरबसल्या, परीक्षेची गरज नाही" असा बोर्ड लावून बसलेला एजंट प्रत्येक तालुक्याच्या बसस्थानकाजवळ भेटतो. बनावट विद्यापीठांची यादी आयोग दरवर्षी जाहीर करतो. ती मोबाईलवर उघडून माणसाला दाखवा. नुसतं "नको" म्हटलं तर तो तुमच्या नकळत जातो.

तलाठी भरतीला पदवी लागते, एमपीएससीला लागते, अंगणवाडीच्या मुख्यसेविकेच्या जागेला लागते. मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची पदवी या सगळ्यांना चालते. हा प्रश्न दर दुसरा माणूस विचारतो, म्हणून इथं लिहून ठेवतो.

पाचवं: मराठवाड्याचं कॅलेंडर

माणसं अभ्यासात कमी पडतात त्याहून जास्त तारखांत अडकतात. विद्यापीठाची एक परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास, दुसरी मार्च-एप्रिलच्या. दोन्ही मागंपुढं सरकतात. आता आपलं वर्ष बघा. ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी. दिवाळीच्या आसपास बीड, जालना, धाराशिवकडची माणसं ऊसतोडीला निघतात, ती गुढीपाडव्याच्या सुमारास परततात. एप्रिल-मे लग्नसराई. परीक्षा अर्ज भरताना माणूस गावात असतो, हॉल तिकीट निघतं तेव्हा तो सांगलीकडच्या नाहीतर कर्नाटकातल्या उसाच्या फडावर.

ऊसतोडीला नवरा-बायको जोडीनं एक कोयता. एकजण परीक्षेला गावी आला की दोघांचं काम बसतं आणि मुकादम उचलीचा, म्हणजे आगाऊ दिलेल्या पैशांचा, हिशेब काढतो. म्हणून उचल घेण्याआधीच मुकादमाला सांगायचं, की अमुक महिन्यात चार दिवस जावं लागेल. आधी सांगितलं तर बहुतेक जण ऐकतात. मधेच सांगितलं तर कुणी ऐकत नाही. शक्य असेल तिथं हिवाळी परीक्षेला एकच पेपर ठेवा, बाकीचे उन्हाळ्याला. सत्र पद्धतीत राहिलेले पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या सत्राचे पेपर उन्हाळ्यातही होतात का, हे परीक्षा विभागात आधीच विचारून घ्या. इग्नूच्या परीक्षा जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये होतात आणि अर्ज भरताना केंद्र निवडता येतं, त्यामुळं फडाजवळच्या शहरातलं केंद्र मिळतं का बघावं.

अर्जाची तारीख चुकली तर विलंब शुल्क, तीही चुकली तर अतिविलंब शुल्क. त्यानंतर काही नाही. तुम्ही मदतनीस असाल तर दहा जणांची यादी करा आणि अर्ज भरणं सुरू झालं की त्याच दिवशी फोन करा. मेसेज नको, फोन. फडावर रेंज नसते. सोबतच्या दुसऱ्या कोयत्याचा नंबरही घेऊन ठेवा.

परीक्षेला जायचं भाडंही मोजा. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. तालुक्याहून पहिली गाडी किती वाजता पोचते आणि पेपर कितीला सुरू होतो हे ताडून बघा. जमत नसेल तर आदल्या रात्री मुक्काम कुणाकडं, हे अर्ज भरतानाच ठरवा.

सहावं: अभ्यास

इथं मी थोडक्यात लिहितो, कारण हे काम शिक्षकांचं. एवढंच बघा, की वीस वर्षांनी बसणाऱ्या माणसाला विषय समजतो, हात चालत नाही. तीन तास लिहायची सवय गेलेली असते. रोज रात्री, लेकरं झोपल्यावर, जुन्या प्रश्नपत्रिकेतलं एक उत्तर वहीत पूर्ण लिहायला सांगा. नुसतं वाचून चालणार नाही. गावातल्या दोन-तीन जणींना एकत्र बसवलं तर फारच छान; एकटी बाई पुस्तक घेऊन बसली की घरात चारदा हाक येते, तिघी बसल्या की येत नाही. जुन्या अभ्यासक्रमाची पुस्तकं बाजारात मिळत नाहीत, कॉलेजच्या ग्रंथालयात मागच्या कपाटात असतात.

शिष्यवृत्तीच्या भरवशावर प्रवेश घेऊ नका. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरच्या योजनांना शिक्षणातल्या खंडाच्या अटी असतात. अर्ज जरूर भरा, पण पहिल्या वर्षाची फी खिशात आहे असं धरून चला.

सातवं: निकालानंतर

निकाल हाती आला की पेढे खाऊन माणूस निघून जातो, आणि काम तिथंच अर्धवट राहतं. एखादा विषय थोडक्यात गेला असेल तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन मागता येतं. त्याची मुदत निकालाच्या तारखेपासून मोजतात आणि ती थोड्या दिवसांची असते. निकाल लागला त्याच दिवशी वही उघडा.

पास झाला असेल तर पदवी प्रमाणपत्राचा अर्ज वेगळा भरावा लागतो, दीक्षान्त समारंभाच्या सूचनेनंतर. तो न भरलेले कितीतरी पदवीधर आपल्या तालुक्यात आहेत. हातात शेवटचं गुणपत्रक आहे, पदवी नाही, आणि भरतीच्या कागदपत्र तपासणीच्या आदल्या दिवशी ते माझ्याकडं येतात.

अर्जात टपालाचा पत्ता मागतात. तिथं लिहिण्याआधी विचारा, की दिवाळी ते पाडवा या काळात घराला कुलूप असतं का. असेल तर गावात राहणाऱ्या चुलत्याचा नाहीतर शेजाऱ्याचा पत्ता घाला, त्याला तसं सांगून ठेवा, आणि पोस्टमनलाही.